पन्नाशी ओलांडलेला 'विश यू वेअर हिअर' आणि कॅसेटीत न मावलेला शेवट

नदीकाठचा

पिंक फ्लॉईड या इंग्लिश रॉक बँडचा 'विश यू वेअर हिअर' आला सप्टेंबर १९७५ मध्ये. आमच्यापर्यंत, म्हणजे सांगलीतल्या वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलपर्यंत, पोचायला त्याला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. पुण्याहून आलेल्या एका मुलाकडे नव्वद मिनिटांची कॅसेट होती. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला 'अ‍ॅनिमल्स'. तिच्यावरून आम्ही सगळ्यांनी कॉप्या मारल्या. माझी कॉपी गावभागातल्या घरात होती, २०१९ च्या पुरात बाकीच्या सामानाबरोबर गेली. त्यानंतर हा अल्बम मी ऐकलाच नव्हता. गेल्या महिन्यात मुलाने बरे हेडफोन आणून दिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली शेवटाची. अल्बम साधारण ४४ मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू ४५ ची. हिशोबाने मावायला हवा. पण मूळ कॉपी करणाऱ्याने तबकडी उलटताना टेप थांबवला नव्हता, त्यामुळे मधे रिकामी खरखर आणि शेवटाला खट्ट. 'शाईन ऑन यू क्रेझी डायमंड' या नऊ भागांच्या गाण्याचा नववा भाग विरत जात असतानाच पट्टी संपायची. तो भाग एकट्या रिचर्ड राईटचा, म्हणजे बँडच्या कीबोर्डवाल्याचा आहे, आणि अगदी टोकाला, आवाज जवळजवळ गेलेला असताना, तो मिनीमूग सिंथेसायझरवर 'सी एमिली प्ले'ची ओळ हळूच वाजवून जातो. १९६७ चं ते गाणं सिड बॅरेटचं, बँडचा पहिला गायक-गिटारवाला, मनाची घडी विस्कटल्यावर १९६८ मध्ये बाहेर पडलेला. ज्या माणसाच्या नावाने हा सगळा प्रपंच, त्याची स्वतःची चाल नेमकी आमच्या कॅसेटीत नव्हती. वाचून माहीत होतं, ऐकलं पहिल्यांदाच.

दुसरी गोष्ट मधल्या दोन गाण्यांची. 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार' आम्ही सर्रास फॉरवर्ड करायचो. अल्बम म्हणजे दोन बाजूंना 'शाईन ऑन' आणि मधे गिटारवर वाजवता येण्याजोगं ते एक शीर्षकगीत, एवढंच. आता मला उलटं वाटतं. 'शाईन ऑन' निघून गेलेल्या माणसाबद्दल आहे आणि मधली दोन गाणी मागे राहिलेल्यांबद्दल. आणि मागे राहिलेलेही जागेवर नव्हते. 'डार्क साईड ऑफ द मून' १९७३ मध्ये तुफान चालला, पैसा आला, आणि जानेवारी १९७५ मध्ये अ‍ॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओत जमले तेव्हा चौघांपैकी कुणाचंच मन कामात नव्हतं. ड्रमर निक मेसनचा संसार मोडत होता. १९७४ च्या दौऱ्यात तीन नवी गाणी वाजवून तयार होती, 'शाईन ऑन' त्यातलंच. गिटारवाल्या गिल्मोरचं म्हणणं, तीच घेऊन अल्बम करू. बेस वाजवणारा आणि शब्द लिहिणारा वॉटर्स म्हणाला, 'शाईन ऑन' मधोमध कापू आणि आत नवीन गाणी घालू. मतदान झालं, गिल्मोर हरला. उरलेली दोन गाणी पुढे 'अ‍ॅनिमल्स'मध्ये 'शीप' आणि 'डॉग्ज' होऊन आली. म्हणजे आमच्या त्या कॅसेटीच्या दोन बाजू एकाच भांडणातून निघालेल्या होत्या.

तुम्ही कधी, कशावर ऐकलात आणि आता ऐकताना काय बदललंय ते लिहा. 'मस्त अल्बम' एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल.

रुमाल_टाकू

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत लिहितो.

मिरजेचा_तंबोरा

नदीकाठचा दादा, शेवटाबद्दल छान लिहिलंत. मी सुरुवातीबद्दल लिहितो.

ते चार स्वर. साधारण चार मिनिटांनी मागचा सगळा आवाज ओसरतो आणि गिल्मोर चारच स्वर टाकतो. जी (G) हा सा धरला तर कोमल ग, वरचा कोमल नी, परत खाली सा, आणि मग शुद्ध ध. ग आणि नी कोमल असताना कान ध पण कोमल येणार म्हणून बसलेला असतो, आणि हा शुद्ध ध लावून तिथेच सोडून देतो. परत सा वर येत नाही. पाश्चात्त्य लोक याला डोरियन म्हणतील, आपल्याकडे हे काफी थाटाचे स्वर झाले. पोटात जे कालवतं ते त्या ध मुळे. पेटीवर कोमल ध घेऊन वाजवून बघा, जीवच जातो त्याच्यातला.

तबला शिकलेल्यांसाठी आणखी एक. गाणं सहाच्या चालीत जातं. पाचव्या भागात डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो, आधी बॅरिटोन, मग तो टेनर घेतो, आणि तिथेच बाराची चाल सुरू होते. लय तीच असते पण दुगुन झाल्यासारखी वाटते. मी त्या जागेला दर वेळी मान हलवतो, बायको हसते.

काडीपेटी

आता मिरजकर आले म्हणजे 'शाईन ऑन'मध्ये आलाप, जोड, झाला सगळं सापडणार. अहो, प्रत्येक लांब वाजणाऱ्या गोष्टीत आलाप कशाला शोधता? त्यांच्या डोक्यात ब्लूज होतं. बँडचं नावच मुळी दोन ब्लूजवाल्यांच्या नावांवरून, पिंक अँडरसन आणि फ्लॉईड कौन्सिल.

आणि काडी टाकतोच आहे तर पूर्ण टाकतो. मधली दोन गाणी म्हणजे लक्षाधीश झालेल्या चार जणांनी कंपनीवाल्यांच्या नावाने काढलेला गळा. त्याच कंपनीच्या पैशावर, जगातल्या सगळ्यात चांगल्या स्टुडिओत, महिनोन् महिने. फॉरवर्ड करायचात ते बरोबरच करायचात.

मिरजेचा_तंबोरा

काडीपेटी, मी आलाप हा शब्द लिहिलेलाच नाही. वर जाऊन वाचा. काफी थाट म्हटलं, राग काफी म्हटलं नाही. स्वर कुठलेही असोत, नाव देता येतं एवढंच. ब्लूजबद्दल तुमचं बरोबर आहे, दुसऱ्या भागातली गिटार ब्लूजच आहे.

एक मात्र कबूल करा. पहिला शब्द यायला साडेआठ मिनिटं लागतात. मिरासाहेब दर्ग्यात चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीचं गाणं ऐकत रात्र काढलेल्याला ही साडेआठ मिनिटं जड जात नाहीत. रॉक ऐकणारे माझे मित्र तेव्हा "गाणं कधी सुरू होणार?" विचारायचे. मी म्हणायचो, सुरूच आहे.

कुपवाड_शिफ्ट

सहसा वाचनमात्र असतो. 'मशीन'ला गळा काढणं म्हटलेलं बघून लॉगिन केलं.

कुपवाड एमआयडीसीत बरीच वर्षं काढली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. 'वेलकम टू द मशीन' सुरू होताना एक धडधड येते, सिंथेसायझरची, इकोमध्ये घालून फिरवलेली. कॉम्प्रेसर चालू असलेल्या शेडमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. आवाज कानात नाही, छातीत लागतो. त्याच्यावर साधी अकॉस्टिक गिटार. माणूस आणि यंत्र एवढ्या दोनच वस्तू, बाकी ड्रम जवळपास नाहीतच.

काडीपेटी साहेब, गाण्यातला पोरगा संगीत कंपनीत भरती होतो हे मान्य. पण ऐकणाऱ्याला कंपनी कुठली याच्याशी काय देणंघेणं? मुलाखत घेणारा जेव्हा तुम्हाला सांगतो की तू लहानपणी काय केलंस, तुझी स्वप्नं काय आहेत, हे सगळं आमच्याकडे लिहिलेलं आहे, तेव्हा जे वाटतं ते त्या गाण्यात आहे. ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा मला ते गाणं कंटाळवाणं वाटायचं. सुपरवायझर झालो, नवीन पोरांना मीच "वेलकम" म्हणायला लागलो, तेव्हापासून नीट ऐकवत नाही. शेवटी लिफ्टसारखा आवाज येतो, वर जाते, दार उघडतं आणि पार्टी चालू असते. आमच्यात प्रमोशन झाल्यावर डब्बल मजल्याच्या ऑफिसात असंच व्हायचं, चहा आणि भडंग.

एक माहिती. त्यातली एक ओळ गिल्मोरला पट्टीत येईना म्हणून टेपचा वेग थोडा कमी करून, अर्ध्या सेमीटोनने खाली आणून ती ओळ गाऊन घेतली. यंत्रावरच्या गाण्यात माणसाचा गळा यंत्राने पुरा केला.

नदीकाठचा

कुपवाड_शिफ्ट, लॉगिन केलंत ते फार चांगलं केलंत. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही शेडमधून म्हणालात.

काडीपेटी

कुपवाडवाल्यांपुढे हात टेकले. 'मशीन' सोडतो. 'सिगार'वर ठाम आहे. तिरकस बोलून दाखवण्यापलीकडे त्यात काही नाही आणि ते त्यांनी स्वतः गायलंसुद्धा नाही.

बाजू_बी

'सिगार' त्यांनी गायलं नाही हाच तर त्याचा मुद्दा झालाय, मुद्दाम केलेला नसला तरी. रॉय हार्पर हा इंग्लिश गायक तेव्हा अ‍ॅबी रोडलाच स्वतःचा अल्बम करत होता. 'शाईन ऑन' गाऊन गाऊन वॉटर्सचा गळा बसलेला, गिल्मोरला ते शब्द तोंडात घ्यायचे नव्हते, म्हणून हार्परला उभा केला. वॉटर्सला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, आपणच गायला हवं होतं असं तो म्हणत राहिला. मला हार्परच बरोबर वाटतो. गाण्यातल्या साहेबाला बँडबद्दल काडीचं माहीत नाही, तुमच्यातला पिंक कोणता असं विचारतो. ते बाहेरच्याच माणसाने म्हणावं. हा प्रश्न त्यांना खरोखर विचारला गेलेला होता म्हणे.

शिवाय मी साठच्या कॅसेटवाला. तबकडीची एक बाजू इकडे, दुसरी तिकडे. त्यामुळे नदीकाठचा यांचा शेवट माझ्याकडे पूर्ण होता (इनो घ्या). पण तोटाही झाला. पार्टीचा गलका संपला की मी उठून कॅसेट उलटायचो, मग 'सिगार' धाडकन सुरू. नव्वदवाल्यांकडे मधे नुसती खरखर होती, तुम्ही उठला नाहीत. दोघांनी दोन वेगळे अल्बम ऐकले असं म्हणायला हरकत नाही.

ओवी_विश्रामबाग

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान. माझा जन्म २००१ चा. बाबांच्या तोंडून नाव ऐकून मोबाईलवर लावला, शफलवर. आधी 'शाईन ऑन' सहा ते नऊ लागलं, मग मधलं कुठलं तरी, मग एक ते पाच. मला वाटलं गाणं चुकून दोनदा टाकलंय. बाबा इतके चिडले की त्यांनी स्वतः फोन घेऊन शफल बंद केलं.

प्रश्न विचारायचा होता. 'सिगार'च्या शेवटी आवाज एकदम बारीक होतो आणि मग खरखर, कुणीतरी बोलतंय, थोडं ऑर्केस्ट्रा. ते काय आहे? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना वाटतं फाईल खराब आहे.

बाजू_बी

ओवी, तो रेडिओ आहे. गिल्मोरने आपल्या गाडीतल्या रेडिओचा काटा फिरवून रेकॉर्ड केला. ऑर्केस्ट्रा म्हणजे चायकोव्स्कीच्या चौथ्या सिंफनीचा शेवटचा भाग. आकाशवाणी सांगली लावताना आधी दोन-तीन परकी स्टेशनं ओलांडून जावं लागायचं, तेव्हा असंच ऐकू यायचं. मग रेडिओत एक गिटार सापडते, पातळ, पत्र्यातून आल्यासारखी. आणि त्या गिटारीला साथ करत खोलीतली दुसरी गिटार सुरू होते, जाड, अगदी कानाशी. कुणीतरी घरी बसून रेडिओबरोबर वाजवतंय असं. नीट ऐक, तो वाजवणारा खोकतोसुद्धा.

ओवी_विश्रामबाग

खोकला ऐकला!! मला तो आमच्या खालच्या मजल्यावरचा वाटला होता.

माईची_लेक

धागा वाचतेय आणि गंमत वाटतेय. राईट झाला, वॉटर्स झाला, गिल्मोर झाला, पॅरी झाला, हार्पर झाला, खोकला पण झाला. 'शाईन ऑन'मध्ये मागे ज्या दोघी गातात त्यांचं नाव कुणीच घेतलं नाही. व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लीना विल्यम्स. वॉटर्सचा आवाज त्या गाण्यात ताणलेला आहे, एकट्याने गायला असता तर रडगाणं झालं असतं. त्या दोघी आल्या की ते प्रार्थनेच्या अंगाने जातं. माझ्या भावाच्या टेपवर ऐकायचे तेव्हा मी कायम त्यांच्याच बरोबर गायचे, कारण मला जमण्यासारखं तेवढंच होतं.

आणखी एक, थोडं कडू. सिडचं जे कौतुक चालतं ते मला आता ऐकवत नाही. ५ जून १९७५ ला तो स्वतः अ‍ॅबी रोडला आला. वजन वाढलेलं, डोकं आणि भुवया भादरलेल्या. याच्या आठवणीत गाणं करणाऱ्यांनी त्याला ओळखलं नाही. ही गोष्ट प्रत्येक लेखात एखाद्या चमत्कारासारखी सांगतात. घरात असं आजारपण बघितलेल्याला त्यात चमत्कार दिसत नाही. औषधाने, आजाराने माणूस सुजतो, बदलतो, आणि त्याच्या जवळचे लोकही त्याच्या अंगावरून निघून जातात. हे रोजचं आहे. पुढे तो केंब्रिजला आपलं मूळ नाव रॉजर लावून राहिला, चित्रं काढली, बाग केली, आणि चाहते दारात येऊन उभे राहायचे. २००६ मध्ये वारला. त्याला हिरा म्हणून चमकत राहा सांगणारे पुष्कळ होते. तुला काय हवंय असं किती जणांनी विचारलं असेल?

नदीकाठचा

माईची_लेक, हे वाचून बराच वेळ काही टंकलं नाही.

तुमच्याशी थोडा वाद घालतो. त्या अल्बमला स्वतःला हे ठाऊक आहे असं मला वाटतं, म्हणूनच मी मधल्या गाण्यांवर अडलोय. नुसतं 'शाईन ऑन' बाजूभर असतं, जसं गिल्मोरला हवं होतं, तर तो नुसता पोवाडा झाला असता. वॉटर्सने तो कापला आणि मधे सांगितलं की हा माणूस ज्या यंत्रात गेला त्यातच आम्ही अजून आहोत, सिगारी ओढतोय. शीर्षकगीत सिडसाठी आहे असं सगळे धरून चालतात. आता ऐकताना ते एकमेकांना उद्देशून वाटतं, एकाच खोलीत बसलेल्या चौघांनी.

माईची_लेक

असेल. पोवाडा कापला हे पटलं. पण मग त्यांनी पुढच्या दहा वर्षांत एकमेकांचं जे केलं, राईटला काढून टाकण्यापर्यंत, ते बघता अल्बमने त्यांना स्वतःला काही शिकवलेलं दिसत नाही.

काडीपेटी

+१. आज तुमच्याशी सहमत व्हायची वेळ आली, कॅलेंडरवर खूण करतो.

रुमाल_टाकू

रुमाल उचलायला आलो तर इथे सगळं लिहून झालंय. उरलेलं आवरण तेवढं मी घेतो.

दोन माणसं हस्तांदोलन करतायत, एकाला आग लागलीय. हिप्नॉसिस या डिझाईन कंपनीच्या स्टॉर्म थॉर्गर्सनची कल्पना. तेव्हा संगणक नाही, त्यामुळे रॉनी रॉन्डेल नावाच्या स्टंटमनला खरोखर पेटवला, कॅलिफोर्नियात वॉर्नर ब्रदर्सच्या आवारात. वारा उलटा फिरला, ज्वाळा तोंडावर आल्या, मिशी जळाली. मग दोघांनी जागा बदलून फोटो घेतला आणि छापताना उलटा केला. एवढं करून तबकडी विकली काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, म्हणजे दुकानात चित्र दिसायलाच नको. आमच्याकडे हे सगळं कुठून येणार? माझ्या कॅसेटवर निळ्या बॉलपेनने 'पिं. फ्लॉ.' लिहिलेलं होतं. पहिल्यांदा आवरण बघितलं ते पोस्टरवर, एका मित्राच्या खोलीत, आणि मला वाटलं हा वेगळाच अल्बम आहे.

मिरजेचा_तंबोरा

सुरुवातीच्या षड्जाबद्दल एक राहिलं. तो नुसता सिंथेसायझर नाही. त्याच्या खाली काचेचे पेले आहेत. 'डार्क साईड'नंतर या मंडळींनी घरातल्या वस्तूंवरच एक अख्खा अल्बम करायचं ठरवलं होतं, रबरबँड, पेले वगैरे. बारगळलं ते. त्यातले पेले मात्र इथे वापरले. आमच्या गल्लीत तंबोरे बनतात, जवारी लावताना कारागीर तासन् तास एकच स्वर ऐकत बसतो. त्यातल्या एकाला हे पहिलं मिनिट ऐकवलं. म्हणाला, "जलतरंग?" मी म्हटलं नाही, आघात नाही, काठावर ओलं बोट फिरवलंय. परत ऐकलं आणि म्हणाला, "एक पेला जरा उतरलाय, पण बरं वाटतंय."

बाजू_बी

हा आजवरचा सगळ्यात चांगला रिव्ह्यू आहे.

ओवी_विश्रामबाग

शफल बंद करून, दिवे घालवून, एकदम ऐकला. बाबा पण बसले होते. शेवटची 'एमिली'ची ओळ मला कळली नाही, आधी ते जुनं गाणं ऐकून परत आले, मग कळली. बाबा म्हणाले त्यांच्या कॅसेटवर पण नव्हती. बाबा कुठल्या बॅचचे विचारू नका, ते मला इथे लिहितेय म्हणून ओरडतील.

एक विचारायचंय. २०११ ची मोठी आवृत्ती आहे, तिच्यात शीर्षकगीताला व्हायोलिन आहे. ती ऐकायची का?

बाजू_बी

ते स्टेफान ग्रापेली या जॅझ व्हायोलिनवाल्याचं. तो आणि यहुदी मेन्युहिन तेव्हा अ‍ॅबी रोडलाच दुसऱ्या खोलीत रेकॉर्ड करत होते, ग्रापेलीला बोलावून वाजवून घेतलं. मूळ अल्बममध्ये ते जवळपास ऐकूच येत नाही, २०११ मध्ये पूर्ण बाहेर काढलं. ऐक एकदा. माझं मत विचारशील तर वाजवलंय सुरेख, पण त्या खोलीत रेडिओबरोबर एकटा बसलेला जो माणूस आहे ना, त्याला अचानक सोबत मिळते आणि गाणं बिघडतं.

मिरजेचा_तंबोरा

मला आवडलं व्हायोलिन.

काडीपेटी

मिरजकरांना आवडणारच. आता त्यात कुठला थाट आहे तेही येऊ द्या.